विमानातला जीपीएस तुमच्याशी कोणत्या भाषेत बोलतो?

वाचनाआधी

हा पाठ सावकाश वाचा. यात आकडे बरेच आहेत, पण गणित सोपं आहे. आकडा आला की तो मराठीतच मोठ्याने म्हणा: २८ म्हणजे अठ्ठावीस, ११५ म्हणजे एकशे पंधरा. अवघड शब्दांचे अर्थ शेवटी दिले आहेत. मधेमधे थांबून ते बघितले तरी चालेल.

१. 'परवा' म्हणजे कधी?

समजा, फोनवर आजी म्हणाली, "मावशी परवा..." आणि फोन कट झाला. तुम्हाला काय कळलं? काहीच नाही. वाक्य "मावशी परवा आली" असं असेल, तर ती दोन दिवसांपूर्वीच आली आहे. "मावशी परवा येणार" असं असेल, तर ती अजून दोन दिवसांनी येणार आहे. 'परवा' हा शब्द एकच, पण पुढे काय येतं त्यावर त्याचा अर्थ ठरतो.

आकड्यांचंही तसंच आहे. "१२०" एवढंच कुणी सांगितलं तर त्याला अर्थ नाही. १२० काय? मैल, किलोमीटर, अंश की लिटर? आणि मैल म्हणजे तरी कोणते मैल? हो, मैलसुद्धा दोन प्रकारचे असतात!

विमानातला जीपीएस दिवसभर आकडेच सांगत असतो. ते आकडे कोणत्या मापात सांगायचे, कोणती उत्तर दिशा धरायची, कोणती वेळ दाखवायची, हे माणसाने आधी ठरवून द्यावं लागतं. या ठरवून देण्यालाच आपण सेटिंग म्हणतो. आज आपण ही सेटिंग्ज समजून घेऊ.

२. आपल्या गावातला विमानतळ आणि एक छोटं यंत्र

शुगर लँडमध्ये राहणाऱ्यांना हायवे ६ जवळचा विमानतळ माहीत असतो. शुगर लँड रिजनल एअरपोर्ट हे त्याचं नाव, आणि केएसजीआर हा त्याचा कोड. तिथे एकच धावपट्टी आहे, ८,००० फूट लांब. इथून मोठ्या कंपन्यांची तिकिटं काढून आपण भारतात जात नाही. त्यासाठी ह्यूस्टनला जावं लागतं. इथे येतात ती खाजगी जेट आणि छोटी विमानं.

छोट्या विमानात वैमानिकासमोर अनेक गोल काटेवाली यंत्रं असतात. त्यांच्या बाजूला बऱ्याचदा एक चौकोनी पडद्याचं यंत्र असतं. हा विमानाचा जीपीएस. गार्मिन कंपनीचं 'जीएनएस ४३०' हे यंत्र १९९८ साली आलं आणि हजारो छोट्या विमानांत बसलं. नंतर २०११ मध्ये त्याच कंपनीची बोटाने चालणारी 'जीटीएन' यंत्रं आली. जुनं ४३० अजूनही अनेक विमानांत दिसतं, म्हणून आपण उदाहरणासाठी तेच घेऊ.

४३० च्या उजव्या बाजूला एकात एक बसवलेल्या दोन गोल कळा असतात, एक मोठी आणि एक लहान. मोठी कळ फिरवली की पानांचा गट बदलतो. लहान कळ फिरवली की त्या गटातलं पुढचं पान येतं. लहान कळ दाबली की पडद्यावर कर्सर लुकलुकायला लागतो. मग हवी ती ओळ निवडायची, बदल करायचा आणि 'ईएनटी' बटण दाबून तो पक्का करायचा. सेटिंग्जची पानं 'ऑक्स' नावाच्या गटात असतात.

आता एक महत्त्वाची गोष्ट. विमान बंद केलं तरी हे यंत्र सेटिंग्ज विसरत नाही. शिकाऊ वैमानिकांची विमानं बहुतेक वेळा भाड्याची किंवा क्लबची असतात. सकाळी एक जण उडवतो, दुपारी दुसरा. घरातली गाडी दादाने चालवली की सीट मागे जाते आणि आरसे हलतात, तसंच हे. फरक एवढाच, की सीट हलली तर बसताक्षणी कळतं. सेटिंग हललं तर कळत नाही, कारण पडद्यावर आकडा तर नेहमीसारखाच दिसतो.

३. सेटिंग्जचे तीन प्रकार

सेटिंग्जची यादी लांबलचक असते. ती पाठ करू नका. तीन प्रश्न लक्षात ठेवले की पुरे:

पहिला: यंत्राने उत्तर कसं सांगायचं? यात मापं, दिशा, पत्त्याची पद्धत आणि वेळ येतात.
दुसरा: यंत्राने काय दाखवायचं आणि काय लपवायचं?
तिसरा: यंत्राने आपल्याला कधी सावध करायचं?

पहिल्या प्रकाराबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. विमान कुठे आहे, हे जीपीएस उपग्रहांच्या संदेशांवरून काढतो. निदान चार उपग्रह त्याला ऐकू यावे लागतात. आतलं हे उत्तर एकच असतं. सेटिंग बदलल्याने विमान जागचं हलत नाही, फक्त सांगण्याची पद्धत बदलते. मग चूक होते कुठे? दोन यंत्रांच्या मध्ये, किंवा यंत्र आणि माणूस यांच्या मध्ये. एकाने एका मापात सांगितलं आणि दुसऱ्याने ते वेगळ्या मापात ऐकलं, की घोटाळा झालाच.

४. मापं: कोणता मैल?

टेक्सासच्या रस्त्यावर जो मैल असतो तो सुमारे १,६०९ मीटरचा. विमानं आणि जहाजं मात्र सागरी मैल वापरतात. तो १,८५२ मीटरचा असतो. हा आकडा विचित्र वाटतो, पण त्यामागे कारण आहे. पृथ्वीच्या नकाशावर उत्तर-दक्षिण मोजताना एका अंशाचे ६० भाग करतात, आणि त्यातला एक भाग म्हणजे जवळजवळ एक सागरी मैल. त्यामुळे नकाशावरून अंतर लगेच मोजता येतं. तासाला एक सागरी मैल या वेगाला 'नॉट' म्हणतात.

आता हे गणित करून बघा. नकाशावर मोजलं तर पुढचा विमानतळ १२० सागरी मैल दूर आहे. जीपीएसवर वेग दिसतोय १२०. तुम्ही म्हणाल, "सोपंय, एका तासात पोचू." पण आधीच्या वैमानिकाने मापं रस्त्याच्या मैलांवर ठेवली असतील तर? मग तुमचा खरा वेग आहे सुमारे १०४ नॉट, आणि प्रवासाला लागणार ६९ मिनिटं. नऊ मिनिटं जास्त.

नऊ मिनिटं म्हणजे फार नाहीत, असं वाटेल. पण अमेरिकेच्या नियमाप्रमाणे, दिवसा नजरेने बघत उडणाऱ्या छोट्या विमानाकडे पोचल्यानंतरही ३० मिनिटं पुरेल एवढं इंधन शिल्लक राहील अशी तयारी असावी लागते. त्यातली नऊ मिनिटं न कळत खर्च झाली.

गंमत बघा: जीपीएस चुकला नाही. त्याने वेगही रस्त्याच्या मैलांत सांगितला आणि अंतरही त्यातच सांगितलं असतं. "किती वेळ लागेल?" असं त्यालाच विचारलं असतं तर उत्तर बरोबर आलं असतं. चूक झाली ती नकाशाचा एक आकडा आणि यंत्राचा दुसरा आकडा एकत्र केल्यामुळे.

मापांचा असाच घोटाळा एकदा फार मोठ्या विमानात झाला. २३ जुलै १९८३ चा दिवस. एअर कॅनडाचं बोइंग ७६७ माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालं होतं. कॅनडात तेव्हा जुनी मापं जाऊन किलो-लिटर येत होते. विमानाचं इंधन दाखवणारं यंत्र बिघडलेलं होतं, म्हणून इंधन हिशोब करून भरलं. हवं होतं २२,३०० किलो. हिशोब करताना पौंडांचं कोष्टक वापरलं गेलं, आणि विमानात इंधन होतं सुमारे २२,३०० पौंड. म्हणजे गरजेच्या निम्म्याहूनही कमी! मग विमानाच्या संगणकात तोच आकडा किलो म्हणून भरला गेला. संगणकाने त्यावर विश्वास ठेवला. तो दुसरं काय करणार?

वाटेतच दोन्ही इंजिनं बंद पडली. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन यांना ग्लायडर, म्हणजे इंजिन नसलेलं विमान, उडवण्याची सवय होती. त्यांनी ते एवढं मोठं विमान तरंगत नेऊन गिमली गावातल्या जुन्या हवाई तळावर उतरवलं. विमानातले सगळे वाचले. त्या विमानाला पुढे 'गिमली ग्लायडर' हेच नाव पडलं.

५. दिशा: कोणती उत्तर?

मैल दोन, तशा उत्तर दिशाही दोन आहेत. पृथ्वी ज्या आसाभोवती फिरते त्याचं वरचं टोक म्हणजे खरी उत्तर. होकायंत्राची सुई दाखवते ती चुंबकीय उत्तर. या दोन्ही एकाच जागी नाहीत. ह्यूस्टनच्या आसपास त्यांच्यात सुमारे २ अंशांचा फरक आहे. सिअ‍ॅटलला तोच फरक १५ अंशांच्या आसपास जातो.

विमानाच्या जगात रोजचं बोलणं चुंबकीय दिशेत चालतं. कंट्रोल टॉवर "डावीकडे वळून ०९० धरा" असं सांगतो, तेव्हा तो चुंबकीय अंश सांगत असतो. धावपट्ट्यांचे आकडेही त्यावरूनच येतात. शुगर लँडच्या धावपट्टीच्या एका टोकाला १७ लिहिलेलं आहे आणि दुसऱ्या टोकाला ३५. १७ म्हणजे साधारण १७० अंश, ३५ म्हणजे साधारण ३५० अंश. शेवटचं शून्य लिहीत नाहीत.

जीपीएसमध्ये इथे तीन पर्याय असतात. एक 'ऑटो': यंत्र स्वतःच त्या जागेचा फरक धरून चुंबकीय दिशा दाखवतं. दुसरा, खरी उत्तर. तिसरा, फरक आपण हाताने भरायचा. बहुतेक वेळा 'ऑटो' हेच योग्य. कुणी यंत्र खऱ्या उत्तरेवर ठेवलं आणि तुम्ही होकायंत्र बघून उडालात, तर ह्यूस्टनला फार फरक पडणार नाही, पण सिअ‍ॅटलला साठ मैल गेल्यावर तुम्ही वाटेपासून सुमारे पंधरा मैल बाजूला असाल.

चुंबकीय उत्तर हळूहळू सरकतेसुद्धा. म्हणूनच २०११ मध्ये फ्लोरिडातल्या टँपा विमानतळाला आपल्या धावपट्टीचे आकडे बदलावे लागले. धावपट्टी तिथेच होती. उत्तर दिशा सरकली होती!

६. जागेचा पत्ता: अंश, मिनिटं, सेकंद

घराला पत्ता असतो तसा पृथ्वीवरच्या प्रत्येक जागेलाही पत्ता असतो. उत्तर-दक्षिण सांगतो तो अक्षांश, आणि पूर्व-पश्चिम सांगतो तो रेखांश. एका अंशाचे ६० भाग, त्यांना मिनिटं म्हणतात. एका मिनिटाचे ६० सेकंद. नावं घड्याळातली, पण इथे वेळेशी संबंध नाही.

शुगर लँडच्या विमानतळाचा अक्षांश तीन प्रकारे लिहिता येतो:

अंश-मिनिटं-सेकंद: २९ अंश ३७ मिनिटं २० सेकंद उत्तर
अंश आणि मिनिटं: २९ अंश ३७.३३ मिनिटं उत्तर
नुसते अंश: २९.६२२२ उत्तर

तिन्ही बरोबर, तिन्ही एकच जागा. विमानातल्या जीपीएसवर सहसा पहिल्या दोनांपैकी एक पद्धत असते, आणि फोनच्या नकाशात तिसरी. आता यंत्र दुसऱ्या पद्धतीवर असताना कुणी '२० सेकंद' हे '३७.२०' असं भरलं, तर जागा सुमारे २५० मीटर सरकते. '२९ अंश ३७ मिनिटं' हे कुणी फोनमध्ये '२९.३७' असं लिहिलं, तर जागा २७ किलोमीटर दक्षिणेला जाते. आकडे तेच, पण जागा वेगळी.

सगळ्यात मोठी उडी पूर्व-पश्चिमेची. आपला विमानतळ ९५.६६ अंश पश्चिमेला आहे. फोनमध्ये पश्चिम लिहायला आकड्याच्या आधी वजा चिन्ह देतात. ते विसरलं तर पत्ता होतो ९५.६६ अंश पूर्व. आणि तिथे काय आहे? तिबेट! नामचा बरवा नावाचं ७,७८२ मीटर उंच शिखर त्याच भागात आहे, आणि ब्रह्मपुत्रा त्या शिखराला वळसा घालून खाली अरुणाचल प्रदेशात उतरते. शुगर लँडचा विमानतळ समुद्रापासून जेमतेम ८२ फूट उंच. एक छोटी आडवी रेघ विसरलात की थेट हिमालयात!

७. वेळ: कोणाच्या घड्याळाची?

पुण्याला फोन करायचा असेल तर तुम्ही मनातल्या मनात साडेदहा किंवा साडेअकरा तास मिळवता. उन्हाळ्यात साडेदहा, हिवाळ्यात साडेअकरा. विमानं तर एका दिवसात कितीतरी प्रमाणवेळा ओलांडतात. म्हणून सगळ्या जगाच्या वैमानिकांनी एकच घड्याळ धरलंय: यूटीसी. रेडिओवर त्यालाच 'झुलू' वेळ म्हणतात. विमानतळाचा हवामान अंदाज, धावपट्टी बंद असल्याची सूचना, हे सगळं यूटीसीमध्ये येतं.

उन्हाळ्यातल्या एका शुक्रवारी शुगर लँडमध्ये संध्याकाळचे ७ वाजलेत असं समजा. त्याच क्षणी यूटीसीमध्ये शनिवार सुरू झाला, ०० वाजून ०० मिनिटं. आणि पुण्यात शनिवारी पहाटेचे साडेपाच वाजलेत. म्हणजे "शनिवारी ०० ते ०४ धावपट्टी बंद" अशी सूचना असेल, तर आपल्याकडे ती शुक्रवारी संध्याकाळीच बंद होते. तुमचा जीपीएस स्थानिक वेळ दाखवत असेल आणि तुम्हाला ती यूटीसी वाटली, तर तास तर चुकतीलच, वारसुद्धा चुकेल. म्हणून वेळेच्या आकड्याशेजारी काय लिहिलंय ते आधी वाचायचं.

८. सुई: किती म्हणजे 'बाजूला'?

जीपीएसला जोडलेली एक सुई असते. तिला सीडीआय म्हणतात. सुई मधोमध असली म्हणजे तुम्ही ठरलेल्या वाटेवर आहात. ती उजवीकडे गेली तर वाट उजवीकडे आहे, तिकडे वळा.

पण सुई पूर्ण टोकाला गेली म्हणजे किती दूर? तेही सेटिंगवर ठरतं. जुन्या ४३० मध्ये तीन मापं असतात: ५ सागरी मैल, १ सागरी मैल आणि ०.३ सागरी मैल. लांबच्या प्रवासात पाच मैलांचं माप ठीक आहे. विमानतळाजवळ एक मैल लागतो, आणि ढगांतून खाली उतरताना ०.३. 'ऑटो' ठेवलं तर यंत्र हे आपोआप बदलतं.

सुई अर्ध्यावर दिसतेय असं समजा. पाच मैलांच्या मापात तुम्ही साडेचार किलोमीटरहून जास्त बाजूला आहात. ०.३ च्या मापात फक्त २७८ मीटर. सुई दोन्ही वेळा सारखीच दिसते! म्हणून सुई बघण्याआधी पडद्यावरचं माप बघायचं.

४३० वर याच सुईसाठी 'सीडीआय' नावाचं एक बटणही आहे. सुईने जीपीएसचं ऐकायचं की जमिनीवरच्या रेडिओ केंद्राचं, हे त्या बटणाने ठरतं.

९. काय दाखवायचं? जवळचा विमानतळ

आता दुसऱ्या प्रकाराकडे येऊ. हवेत इंजिनने त्रास दिला तर वैमानिक जीपीएसचं 'निअरेस्ट' पान उघडतो. त्यावर जवळच्या विमानतळांची यादी असते. पण त्या यादीत कोण यायचं, हे सेटिंगने आधीच ठरलेलं असतं: धावपट्टी कमीत कमी किती फूट लांब हवी, आणि ती पक्की हवी की गवताची चालेल.

कुणी तिथे '३,००० फूट, फक्त पक्की' असं ठेवलेलं असेल, तर दोन मैलांवरची २,००० फुटांची गवताची धावपट्टी तुम्हाला दिसणारच नाही. तुमचं छोटं विमान तिथे उतरू शकलं असतं. यंत्र खोटं बोललं नाही; त्याने फक्त सांगितलं नाही. उलट, मोठ्या जेटमध्ये हे सेटिंग शून्यावर असेल तर यादी अशा धावपट्ट्यांनी भरेल जिथे ते जेट थांबूच शकणार नाही.

एकच धावपट्टी एका विमानाला पुरते आणि दुसऱ्याला पुरत नाही, याचं चांगलं उदाहरण मुंबईत आहे. मुंबईत दोन विमानतळ जवळजवळ आहेत. समुद्राजवळचं जुहू हे भारतातल्या सगळ्यात जुन्या विमानतळांपैकी एक. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे इथेच उतरले. त्यांचं विमान होतं छोटंसं 'पस मॉथ'. जीपीएस नव्हता, खाली बघत बघत वाट शोधायची. त्या विमानाला जुहू भरपूर होतं. पुढे विमानं मोठी झाली आणि काही किलोमीटरवरच्या सांताक्रूझला उतरायला लागली.

२४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचं डीसी-८ हे चार इंजिनांचं जेट सांताक्रूझला येत होतं. दोन्हीकडच्या धावपट्ट्या साधारण एकाच दिशेला आहेत. वैमानिकांना समोर धावपट्टी दिसली, आणि ते उतरले. पण ती जुहूची होती, सुमारे पावणेचार हजार फुटांची. विमान धावपट्टी संपवून पुढे गेलं आणि मोडलं. नशिबाने कुणाचा जीव गेला नाही. त्याआधी १९५३ मध्ये बीओएसी कंपनीचं 'कॉमेट' जेटही असंच चुकून जुहूला उतरलं होतं.

आज जीपीएसच्या नकाशावर जुहूचा कोड व्हीएजेजे आणि सांताक्रूझचा व्हीएबीबी, असे दोन वेगळे ठिपके दिसतात. पण तुमचं विमान किती मोठं आहे, हे यंत्राला माहीत नसतं. ते तुम्ही सांगायचं.

१०. कधी सावध करायचं?

ह्यूस्टनच्या दोन मोठ्या विमानतळांभोवती आकाशाचा एक राखीव भाग आहे. त्याला 'क्लास बी' म्हणतात. त्याचा आकार उलट्या उतरंडीसारखा: जमिनीजवळ लहान, वर जावं तसा रुंद. परवानगीशिवाय छोट्या विमानाने त्यात शिरायचं नाही. शुगर लँड या सगळ्याच्या अगदी शेजारी.

जीपीएसला सांगून ठेवलं तर अशा भागात शिरण्याआधी तो पडद्यावर संदेश देतो. ही सूचना चालू की बंद, हेही सेटिंगच. सतत टिंगटिंग नको म्हणून ती कुणी बंद केलेली असू शकते. तुम्हाला वाटेल, "संदेश आला नाही, म्हणजे सगळं ठीक आहे." गप्प बसलेलं यंत्र आणि गप्प बसवलेलं यंत्र, दोन्ही सारखीच दिसतात.

११. नावं आणि नावांची यादी

जीपीएसच्या आत विमानतळांची, धावपट्ट्यांची आणि वाटेवरच्या खुणांची मोठी यादी असते. ती दर २८ दिवसांनी नवी निघते. यंत्र सुरू केलं की ते आपल्या यादीची तारीख दाखवतं, आणि तुम्ही 'ईएनटी' दाबेपर्यंत थांबतं. पुष्कळ लोक ती तारीख न वाचताच बटण दाबतात. तुम्ही वाचा.

यादी ताजी असली तरी त्यातलं बरोबर नाव निवडणं आपल्याच हातात असतं. २० डिसेंबर १९९५ रोजी अमेरिकन एअरलाइन्सचं एक बोइंग ७५७ मायामीहून कोलंबियातल्या काली शहराकडे जात होतं. कालीजवळच्या 'रोझो' नावाच्या रेडिओ केंद्राकडे जायचं म्हणून विमानाच्या संगणकात 'आर' हे अक्षर भरलं गेलं. पण त्या अक्षराखाली यादीत पहिलं नाव होतं 'रोमिओ', आणि ते केंद्र दूर, बोगोटा शहरापाशी होतं. रात्रीच्या अंधारात विमान तिकडे वळलं आणि डोंगरावर आदळलं. १६३ पैकी १५९ माणसं गेली. कारणं आणखीही होती, पण न तपासता स्वीकारलेलं एक अक्षर हे त्यातलं मोठं कारण.

म्हणून शिकवणारे सांगतात: कोड भरला की लगेच पक्का करू नका. पूर्ण नाव वाचा. अंतर आणि दिशा बघा. शुगर लँडहून निघून ह्यूस्टनच्या हॉबी विमानतळाला जायचंय, आणि यंत्र अंतर १०० मैल दाखवतंय? थांबा. काहीतरी चुकलंय.

१२. जमिनीवर असतानाच

ही सगळी तपासणी विमान उभं असतानाच करायची. हवेत मान खाली घालून कळा फिरवत बसलात तर बाहेर कोण बघणार? क्रम असा:

१. यादीची तारीख वाचा.
२. मापं बघा: सागरी मैल, नॉट, फूट. इंधनाचं माप कोणतं ते वेगळं बघा.
३. दिशा चुंबकीय, 'ऑटो'वर आहे ना?
४. पत्ता कोणत्या पद्धतीत दिसतोय? विमान उभं आहे त्या जागेशी जुळतोय का?
५. वेळ यूटीसी की स्थानिक?
६. सुईचं माप 'ऑटो' आहे ना? सुई कुणाचं ऐकतेय?
७. जवळच्या विमानतळासाठी धावपट्टीची लांबी आपल्या विमानाला साजेशी आहे ना?
८. राखीव आकाशाची सूचना चालू आहे ना?

पाच मिनिटांचं काम. खऱ्या विमानात हे प्रशिक्षकासोबत, यंत्राचं माहितीपुस्तक बघूनच करायचं असतं. पण सवय आजपासून लावता येते. कुणी तुम्हाला नुसता आकडा सांगितला तर विचारा, "काय? किती वाजता, कुठल्या वेळेने? किलो की पौंड?" आणि तुम्ही सांगताना आकड्यासोबत त्याचं मापही सांगा. अमेरिकेत १६ व्या वर्षी एकट्याने विमान उडवता येतं आणि १७ व्या वर्षी खाजगी वैमानिकाचा परवाना मिळू शकतो. तुमच्यातल्या काहींना तोपर्यंत फार वेळ राहिलेला नाही!

शब्दार्थ

धावपट्टी – विमान जिथून उडतं आणि जिथे उतरतं तो लांब रस्ता
वैमानिक – विमान चालवणारा किंवा चालवणारी
कळ – फिरवायचं किंवा दाबायचं बटण
माप – मोजण्याची ठरलेली पद्धत. जसं किलो, मैल, लिटर
घोटाळा – गोंधळ, चूक
कोष्टक – हिशोबासाठी केलेला तक्ता
होकायंत्र – उत्तर दिशा दाखवणारं यंत्र
प्रमाणवेळ – एखाद्या भागासाठी ठरवलेली एकच वेळ
उतरंड – एकावर एक रचलेली मडकी. सगळ्यात मोठं खाली, सगळ्यात लहान वर
राखीव – कुणासाठी तरी वेगळं ठेवलेलं
जेमतेम – कसंबसं तेवढंच, फार नाही

स्वाध्याय

१. 'परवा' हा शब्द वापरून दोन वाक्यं लिहा: एक झालेल्या गोष्टीचं, एक होणाऱ्या गोष्टीचं.
२. गिमलीच्या विमानात संगणक चुकला होता का? तुमचं उत्तर तीन वाक्यांत लिहा.
३. पुण्यात रविवारी सकाळचे ९ वाजले आहेत. यूटीसीमध्ये किती वाजले? शुगर लँडमध्ये उन्हाळा असेल तर तिथे कोणता वार आणि किती वाजले?
४. जुहूची धावपट्टी टाटांच्या विमानाला पुरली, डीसी-८ ला पुरली नाही. का?
५. "गप्प बसलेलं यंत्र आणि गप्प बसवलेलं यंत्र" यांत काय फरक आहे? 'बसणं' आणि 'बसवणं' अशी आणखी दोन क्रियापदांची जोडी सांगा.

करून बघा

फोनच्या नकाशात तुमच्या घराचा अक्षांश-रेखांश शोधा. आता रेखांशाचं वजा चिन्ह काढून बघा. तुमचं घर कुठे जाऊन पोचलं? पुढच्या वर्गात मराठीत सांगा.